तिगा वीटवाल्याचा खड्डा

आमच्या कुल्सीगा शहराच्या धरणात एवढा गाळ साचला होता, की एप्रिलमध्ये शेळ्या मधून चालत पलीकडे जायच्या. खोटं वाटत असेल तर शेळ्यांना विचारा. मी नोपोको. त्या धरणाच्या काठावर चाळीस वर्षं भाजी पिकवते: सॅलडची पानं, कांदे, गाजर, कोबी. माझ्यासारख्या आणखी तीसेक बायका आहेत. पाणी खात्याने दोन वर्षांपूर्वीच तंबी दिली होती, की गाळ निघाला नाही तर उरलेलं पाणी फक्त नळाला जाईल आणि भाजीवाल्यांनी आपापल्या झाऱ्या उचलून घरी बसायचं. घरी बसून मी काय करू? सुनेच्या डोक्यावर मिरे वाटू? ती बिचारी चांगली आहे, पण दिवसभर मला घरात सहन करण्याइतकी चांगली नाही.

म्हणून यंदा दोन पिवळी यंत्रं गाळ उपसायला आली, तेव्हा आम्ही बायका काठावर अक्षरशः नाचलो. ठेकेदाराने सांगितलं, यंत्रं शनिवारपर्यंत तुमची, रविवारी दुसऱ्या शहरात. आम्ही म्हटलं, बाबा, तू फक्त सुरू कर.

दुसऱ्याच दिवशी सकाळी लासिना टोए नेहमीसारखा माझ्या वाफ्यापाशी आला. वय ऐंशीच्या पुढे. चालायला काठी लागते, जिभेला लागत नाही.

"काय गं गुलामे," तो म्हणाला, "मालक आला की उठून उभं राहायचं असतं, विसरलीस?"

"मालक? कुत्र्याचं डोकं चावून आलास वाटतं. लांब उभा राहा, कांदे कोमेजतील."

"गाढवं खाणाऱ्यांनी वासाबद्दल बोलू नये."

तो सामो जमातीचा, मी मोसी जमातीची. आमच्यात हे असंच चालतं, आज्या-पणज्यांपासून. सामोने मोसीला गुलाम म्हणायचं, मोसीने सामोला; त्यांनी आम्हाला गाढवखाऊ, आम्ही त्यांना कुत्रेखाऊ. मयताला गेलं तरी मढ्याची टिंगल करायची आणि घरच्यांनी ती गोड मानून घ्यायची. रागावला तो हरला. माझा नवरा गेला तेव्हा हा लासिना कबरीच्या खड्ड्यात उतरून आडवा झाला आणि म्हणाला, "जागा माझी आहे, याला दुसरीकडे न्या!" रडता रडता मला हसू फुटलं. त्या एका हसण्यावर मी पुढचे सहा महिने काढले. असा माणूस.

तर आम्ही असे भांडत होतो तेवढ्यात यंत्र थांबलं. चालक खाली उतरून ओरडला, "हाड सापडलं!"

धावलो सगळे. चिखलात हातभर लांब जबडा, त्याला पिवळे दात. आमच्या बाजारातला खाटीक लांबूनच म्हणाला, "गाढव आहे." लासिना जवळ गेला, वाकून निरखून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या मामाचा चेहरा मी कुठेही ओळखेन." काठावरचे सगळे हसले. मीही हसले. तेव्हा आम्हाला काय ठाऊक पुढे काय वाढून ठेवलंय!

पाणी खात्याच्या इंजिनिअर एलिओनोर बाटिओनो मोटारसायकलवरून आल्या. पस्तिशीच्या, राजधानी वागाडुगूहून बदली होऊन आलेल्या, नियमाला पक्क्या. त्या म्हणाल्या, हाड गाढवाचं असो की हत्तीचं, हाड निघालं की जागेचा जुना कागद बघावाच लागतो. कचेरीत गेल्या आणि दुपारी कागद घेऊन परत आल्या. चेहरा उतरलेला. काठावर उभं राहून त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. धरण बांधण्याआधी, साठ वर्षांपूर्वी, एका गोऱ्या फ्रेंच मोजणीदाराने लिहिलेलं होतं:

"जागेचा पूर्वीचा उपयोग: सामो लोकांच्या गुलामांची दफनभूमी. माहिती देणारा: तिगा, वीटवाला. दुभाष्या: एल. टोए."

तिगा म्हणजे माझा बाप.

"दफनभूमी असेल तर वारसांना शोधून, परवानगी घेऊन, अवशेष हलवल्याशिवाय खोदता येत नाही," बाटिओनो मॅडम म्हणाल्या. "काम बंद."

यंत्रं बंद पडली. इतकी शांतता झाली की बेडकांचं डरावणं ऐकू यायला लागलं. आणि मग एकेक करत सगळ्यांच्या माना लासिनाकडे वळल्या, कारण कुल्सीगात साठ वर्षांपूर्वी फ्रेंच येणारा एल. टोए एकच होता.

लासिना काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. "अरे देवा," तो हळूच म्हणाला. "तो लिहीत होता होय?"

झालं होतं ते असं. मोजणीदाराने माझ्या बापाला विचारलं, इथे आधी काय होतं? बापाने आमच्या भाषेत सरळ उत्तर दिलं. मध्ये दुभाष्या म्हणून हा लासिना, बावीस वर्षांचा, नवा कोट घातलेला. याला वाटलं, मोसी माणूस समोर आहे, अशी संधी सोडायची? याने फ्रेंचमध्ये सांगितलं, "हा म्हणतो, इथे आम्ही सामो आमचे गुलाम पुरतो, आणि हाही इथेच येणार आहे." उचलली जीभ लावली टाळ्याला! मग त्याने तेच माझ्या बापाला आमच्या भाषेत सांगितलं, आणि बाप पोट धरून हसला. मी तिथेच होते, अकरा वर्षांची, वाळत घातलेल्या विटा उलटवत होते. बापाला हसताना बघून मीही हसले. गोऱ्यानेही मान डोलावली आणि वहीत काहीतरी खरडलं. लासिनाला वाटलं, संध्याकाळी खरं काय ते सांगू. पण संध्याकाळी ज्वारीच्या दारूचं मडकं आलं, मग दुसरं आलं, आणि सकाळी मोजणीदार निघून गेला होता.

"मग तिथे खरं काय होतं?" बाटिओनो मॅडमनी मला विचारलं.

मला असं कोणी विचारायची वाट मी आयुष्यभर बघत होते, असंच म्हणा. मी बादली उपडी घालून त्यावर बसले.

"माझ्या आज्याच्या वेळी तिथे नुसती सखल जागा होती," मी म्हटलं. "पाणी साचायचं, फुलानी गुराखी गुरं पाजायला आणायचे. त्यांच्या गुरांनी आमची ज्वारी खाल्ली की भांडणं, नाही खाल्ली की दूध. मग शहर वाढायला लागलं आणि विटा लागायला लागल्या. माती तिथली चांगली, चिकट. माझा बाप आणि त्याचे भाऊ खणायला लागले. चर्च त्या खड्ड्यातून आलं, शाळा त्यातून आली, पोलीस ठाणंसुद्धा. माझा काका त्याच ठाण्यात दोन रात्री कोंडला गेला, तेव्हा बाहेरून बाप ओरडला, 'भिंत नीट बघ रे, तूच थापलेली आहे, कुठून फुटते तुला ठाऊक!' शहर जसं वर जात होतं तसा खड्डा खाली जात होता. कडेच्या सपाट जागेवर दर तिसऱ्या दिवशी गाढवांचा बाजार भरायचा, म्हणून तो जबडा. आणि सुगी झाली की तिथेच कुस्त्या. माझ्या आईने बापाला पहिल्यांदा तिथेच पाहिलं, कुस्तीत पाठ टेकलेला. मग नवं सरकार आलं, त्यांना शहरासाठी पाणी हवं होतं. त्यांनी आयता खड्डा बघितला आणि एका बाजूला बांध घातला. लोक म्हणतात धरण सरकारने बांधलं. सरकारने एक भिंत बांधली, मॅडम. बाकीचं धरण माझ्या बापाने घमेल्याने बांधलं."

मॅडम हसल्या. पण लगेच गंभीर झाल्या. "हे मला लेखी हवं. ज्याने चुकीचं सांगितलं त्यानेच येऊन सांगायला हवं की ते खोटं होतं."

"उद्या सकाळी येतो," लासिना म्हणाला.

बुधवारी सकाळी आम्ही पाणी खात्याच्या कचेरीत गेलो. लासिना नीट धुतलेला झगा घालून आला होता. टेबलामागे साहेब, शेजारी मॅडम, आणि लिहून घ्यायला कारकून सावादोगो. घोळ इथेच झाला, कारण सावादोगो म्हणजे मोसी.

"नाव?" सावादोगोने विचारलं.

"लासिना टोए."

"म्हणजे माझा गुलाम. पुढे?"

"लिही, बाळ. मालकांनी अक्षर शिकवलंय ते वापर."

"साहेब, हा कुत्र्याची डोकी खातो, याच्या साक्षीवर विश्वास ठेवणार का?"

झालं! बाहेरच्या बाकावर पाण्याचं बिल भरायला आलेले दोन सामो होते, ते आत डोकावले. त्यांनी सावादोगोच्या आजीचा उद्धार केला. सावादोगोने त्यांच्या आजोबांचा केला. मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं, पण शपथेवर सांगते, मीही दोन वाक्यं बोलले. शिपाई हसत हसत दाराला टेकला. लासिना सांगत होता, "ती थट्टा होती, तिथे मोसींच्या कबरी नाहीत," आणि पाठीमागून कोणीतरी ओरडलं, "मोसी मरतच नाहीत, आळसाने पडून राहतात!"

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "एक कागद थट्टेचा आहे म्हणता. आता हा दुसरा कागदही थट्टेचाच! मी कुठला खरा मानू? उद्या कोणी म्हणालं की सामोने मोसींच्या कबरी लपवायला खोटी साक्ष दिली, तर माझी नोकरी जाईल. जा, सगळे बाहेर जा!"

बाहेर आल्यावर मला पहिल्यांदा राग आला. लासिनाचा नाही. कागदाचा. तोंडाने म्हटलं तर थट्टा. हवेत जाते, हसवते, संपते. कागदावर मात्र माझा बाप साठ वर्षं स्वतःच्या तोंडाने स्वतःला गुलाम म्हणत बसला होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता. वर त्याच कागदाने माझी भाजी जाणार होती. हसावं की रडावं, मला कळेना. मी रडले.

बाटिओनो मॅडम मागून आल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. "मावशी," त्या म्हणाल्या, "मीही काही आकाशातून पडले नाही. आमच्या लोकांचं हेच थट्टेचं नातं बिसा लोकांशी आहे. मी त्यांना शेंगदाणेचोर म्हणते, ते मला जे म्हणतात ते इथे सांगण्यासारखं नाही. माझ्या लग्नात एका बिसाने नवऱ्याला पळवून बांधून ठेवलं होतं. मला माहीत आहे हे. पण साहेबांना कागदावर असं काही हवं, ज्यात थट्टा शिरूच शकत नाही."

"अशी एकच जागा आहे," लासिना म्हणाला. "जमिनीची शपथ."

आमच्याकडे जमिनीचा मान एका घराकडे असतो. त्या घरच्या म्हाताऱ्याला आम्ही तेंगसोबा म्हणतो. जमिनीवर पाणी ओतून त्याच्यासमोर जो बोलतो, तो खोटं बोलला तर जमीन त्याला पोटात घेत नाही म्हणतात. मशिदीत जाणारे, चर्चमध्ये जाणारे, सगळेच त्याला वचकून असतात. तेंगसोबा म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि अट घातली. "शुक्रवारी सकाळी, धरणाच्या काठावर. कागदावर शिक्का पडेपर्यंत कोणी हसलं, सामो असो की मोसी, एक जरी हसलं, तर शपथ मोडली. मग पुढची एकवीस दिवसांनी."

एकवीस दिवसांनी! यंत्रं रविवारी जाणार होती.

शुक्रवारी सगळं शहर काठावर. अर्धे सामो, अर्धे मोसी, आणि प्रत्येकाच्या तोंडावर जणू कोणी कुलूप लावलंय. बायकांनी ओढण्या तोंडात कोंबल्या होत्या. सावादोगो कारकुनाने स्वतःला शिक्षा म्हणून लांब चिंचेखाली उभं केलं होतं, पाठ करून. साहेब स्वतः आले होते, हातात शिक्का आणि शाईचा डबा. बाटिओनो मॅडम लिहायला बसल्या.

तेंगसोबाने भोपळ्याच्या वाडग्यातून जमिनीवर पाणी ओतलं. पिठाचं पांढरं पाणी भेगांतून झिरपून गेलं. "बोल," तो म्हणाला.

लासिना पुढे आला. त्याने डोक्यावरची विणलेली टोपी काढून हातात घेतली. टक्कल उन्हात चमकलं आणि माझ्या शेजारी उभ्या भाजीवाल्या सिबदूला पोटातून हसू आलं. मी तिच्या पायावर पाय दिला, चांगला जोर लावून.

"मी लासिना टोए," तो म्हणाला. "साठ वर्षांपूर्वी इथे मी दुभाष्या होतो. तिगा वीटवाल्याने सांगितलं, ही जागा आधी गुरांच्या पाण्याची होती, नंतर विटांच्या मातीची, बाजाराची, कुस्तीची. इथे कोणाचीही कबर नाही. मी ते बदलून सांगितलं. तिगाने ते कधीच म्हटलं नव्हतं."

मॅडम लिहीत होत्या. पेन कागदावर घासत होतं. मला वाटलं, झालं, आता शिक्का. पण लासिना थांबला नाही. तो माझ्याकडे वळला.

"नोपोको," तो म्हणाला.

साठ वर्षांत या माणसाने मला माझ्या नावाने हाक मारली नव्हती.

"नोपोको, माझ्या बहिणी. तुझा बाप प्रामाणिक माणूस होता. आम्ही सामो लोकांनी आमची घरं त्याच्या विटांनी बांधली आणि त्याने आम्हाला कधी कमी माप दिलं नाही. त्याच्या नावावर मी खोटं चढवलं. मला माफ कर."

आणि मान खाली घालून उभा राहिला.

तुम्हाला सांगते, आमच्यात हे करायचं नसतं. ज्यांच्यात थट्टेचं नातं आहे ते माफी मागत नाहीत. माफी परक्याची मागतात. लोकांना कळलं काय झालं ते. कोणी हलेना. एका सामो म्हातारीने डोळे पुसले. हसले तर शपथ मोडणार, आणि माफीला उत्तर आमच्यात नसतंच. दोन्ही बाजूंनी माझं तोंड बांधलेलं. मी नुसती बघत राहिले त्याच्या त्या वाकलेल्या मानेकडे, आणि मनात म्हटलं, बाबा रे, उचल ती मान, मला हे बघवत नाही.

साहेबांनी शिक्का शाईत बुडवला. फुंकर मारली. परत बुडवला. सरकारी माणसाला घाई कसली! सिबदूचं नाक माझ्या खांद्यावर फुरफुरायला लागलं. चिंचेखाली सावादोगोची पाठ हलत होती. तेंगसोबा डोळे वटारून सगळ्यांवर नजर फिरवत होता.

ठप्प.

"कागद पक्का," साहेब म्हणाले. "काम सुरू करा."

कोणीच ओरडलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. लासिना तसाच उभा, मान खाली, टोपी दोन्ही हातांत धरलेली. मला कळून चुकलं, की आता मी 'माफ केलं' म्हणाले तर सगळं नीट होईल, आणि उद्या सकाळी माझ्या वाफ्यापाशी एक सभ्य म्हातारा येईल, 'नमस्कार नोपोको' म्हणेल आणि निघून जाईल. मला नको होता तो सभ्य म्हातारा. मला तो माझ्या नवऱ्याच्या कबरीत लोळलेला हवा होता.

मी पुढे गेले आणि त्याच्या हातातून टोपी हिसकावून घेतली.

"हे बघा लोकहो!" मी ओरडले. "साठ वर्षांनी या सामोला खरं बोलता आलं! एवढा वेळ तर आमचं गाढवसुद्धा घेत नाही. टोपी जप्त! पाच मडकी दारू आणल्याशिवाय मिळायची नाही!"

लासिनाने मान वर केली. डोळे भरलेले होते, माझेही होते, ते झाकायला वेळ नव्हता. मला भीती वाटली, याचं डोकं सरकलं की काय.

मग तो म्हणाला, "टोपी दे, गाढवखाऊ. तुझ्या डोक्याला ती मोठी होईल, आत काही नाहीये."

अहो, जो हशा फुटला! सकाळपासून, नाही, बुधवारपासून कोंडून ठेवलेला. बायका जमिनीवर बसल्या. सावादोगो चिंचेखालून धावत आला आणि त्याने पहिली शिवी सामोंच्या पाटलाला दिली. साहेब घाबरून शिक्का दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, म्हणाले, "मॅडम, हे लिहायचं का?" आणि बाटिओनो मॅडम म्हणाल्या, "नाही साहेब, हे लिहायचं नसतं." पाठीमागे पिवळ्या यंत्रांनी आवाज केला आणि माझ्या बापाचा खड्डा पुन्हा उघडायला लागला.

टोपी अजून माझ्याकडेच आहे. लासिना रोज सकाळी मागायला येतो.